घातलेला पांढरा आणि राखलेला पांढरा

हौशी जलरंगचित्रकारांच्या प्रदर्शनात हल्ली एक चित्र हटकून भेटते. बर्फाने झाकलेले गाव, उतरत्या छपरांवर पांढरे जाड थर, आणि त्यांच्याखाली लाल, पिवळी, निळी, हिरवी घरे. रस्त्यालगत दिव्याचा खांब, खिडक्यांत उबदार उजेड, आणि चित्रकाराला अगदीच राहवले नाही तर छत्री घेतलेली एक पाठमोरी आकृती. चित्रकार नाशिकचा असतो, चिंचवडचा असतो, मिरजेचा असतो. चित्रातल्या गावाला मात्र नाव नसते. 'हिवाळा' एवढेच शीर्षक. आंतरजालावर अशा चित्रांच्या शिकवण्या विपुल आहेत आणि अर्ध्या तासात बर्फ पाडून देण्याची हमी त्यांतले बरेचजण देतात.

मी चित्रकार नाही. आयुष्यभर मराठी साहित्य शिकवले आणि निवृत्तीनंतर रविवारच्या एका जलरंगवर्गाला जाऊ लागले, एवढाच माझा अधिकार. वर वर्णन केलेले चित्र मीही काढले आहे, चौकटीत बसवून बहिणीला दिले आहे, आणि ते फसले आहे. ते का फसले याचा शोध घेताना जे हाती लागले त्याचा संबंध चित्रकलेइतकाच आपल्या लेखन-वाचनाच्या सवयींशीही आहे असे वाटल्याने येथे मांडते.

माझी भाची काही वर्षांपासून स्वीडनमध्ये, फालून नावाच्या गावी राहते. लेकीचे गाव आपल्या दिवाणखान्यात असावे अशी बहिणीची इच्छा. भाचीने पाठवलेले एक छायाचित्र समोर ठेवून मी एप्रिल महिन्यात कामाला बसले. छायाचित्रातली घरे जवळजवळ सगळी एकाच मातकट लाल रंगाची होती. मला ते कंटाळवाणे वाटले. चित्रात विविधता हवी म्हणून मी एक घर निळे केले, एक पिवळे, कोपऱ्यातले हिरवे. छपरांवरचा बर्फ नीट राखला गेला नव्हता, तेव्हा पोस्टर कलरचा पांढरा जाडसर लावला. शेवटी जुन्या टूथब्रशने पांढरे शिंतोडे उडवून हिमवर्षावही घडवला. वर्गात कौतुक झाले. बहिणीचे डोळे भरून आले.

जुलैत भाची आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान झालंय मावशी. पण मी इथे राहत नाही."

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. नंतर चहा घेताना तिने सहज सांगितले, की तिकडे डिसेंबरात तीन वाजायच्या आधीच सूर्य मावळतो. रस्त्यावरच्या बर्फावर घसरू नये म्हणून बारीक खडी टाकतात, त्यामुळे तो करडा आणि खरबरीत असतो. आणि घरे लाल का आहेत हे तिला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगितले होते. बहीण ऐकत होती. चित्र तिने काढून ठेवले नाही, पण त्यानंतर त्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना 'हे आमच्या लेकीचं गाव' असे म्हणणे तिने थांबवले. ते मला लागले.

आधी पांढऱ्याविषयी. जलरंगाच्या पहिल्या काही तासांतच शिकवले जाते, की या माध्यमात पांढरा रंग नसतो. पांढरा म्हणजे कागद. आमच्या सरांच्या शब्दांत, "बर्फ रंगवायचा नसतो, राखायचा असतो." रंग पारदर्शक असतो, उजेड त्यातून आरपार जाऊन कागदावर आदळतो आणि परत येतो, जिथे रंगच नाही तिथे तो सर्वांत अधिक परततो. म्हणून चित्रातली सर्वांत उजळ जागा ही चित्रकाराने न केलेली जागा असते. विलायतेत यावरून मोठे वाद झाले आहेत. विन्सर अँड न्यूटन या कंपनीने १८३४ मध्ये जस्ताच्या भस्मापासून केलेला 'चायनीज व्हाइट' बाजारात आणल्यावर अपारदर्शक पांढरा वापरणे सोपे झाले, आणि ते वापरणारे व न वापरणारे असे तट पडले. मला या सोवळ्याओवळ्यात रस नाही. पांढरा वापरून उत्तम चित्रे झालेली आहेत. माझा प्रश्न वेगळा होता. इतके वेळा ऐकूनही माझा हात पांढऱ्याच्या बाटलीकडेच का जातो? आणि माझाच नव्हे, वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचा?

याचे उत्तर मला एका दिवाळीत, शेजारच्या दारापुढे रांगोळी पाहताना मिळाले. जमीन गेरूने सारवलेली आणि तिच्यावर चिमटीतून पडणारी पांढरी रेघ. मग एकेक आठवत गेले. वारल्यांच्या भिंतीही गेरूच्या वा मातीच्या, आणि त्यांच्यावर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी माणसे. आपण लिहायला शिकलो ते काळ्या पाटीवर, पांढरी अक्षरे काढून. शाळेत जन्म गेला तो काळ्या फळ्यापुढे खडू हातात घेऊन. म्हणजे आपल्या हाताच्या शिक्षणात पांढरा हा नेहमी वरून घातलेला असतो. जमीन गडद, आणि खूण पांढरी. जलरंग नेमके उलटे मागतो. तिथे जमीनच पांढरी असते आणि तिला वाचवत सगळे गडद काम करायचे असते. वर्गात पांढऱ्याची बाटली उघडणाऱ्याला आपण आळशी म्हणतो; पण बहुधा त्याच्या बोटांत काही शतकांची रांगोळी असते.

अर्थात, उलट्या रीतीचे काम आपल्या किनाऱ्याला अगदीच परके नाही. कोकण-गोव्यातल्या काही देवळांच्या नि जुन्या घरांच्या भिंतींवर कावी काम दिसते. चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून नक्षी काढायची. खरवडले तिथे खालचा चुना उघडा पडतो. तिथला पांढरा घातलेला नाही, आधीच होता, तो फक्त मोकळा केला. आणि सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते प्रसिद्ध चित्र, हातातल्या समईच्या उजेडात उभी असलेली स्त्री, ते तैलरंगातले असावे असे पाहणाऱ्याला हमखास वाटते. आहे ते जलरंगात. तेव्हा मराठी हाताला हे जमत नाही असे म्हणण्याचे कारण नाही. सवय मात्र दुसरी आहे, आणि सवय ओळखल्याशिवाय मोडत नाही.

आपला शब्दही या बाबतीत आडवा येतो. मासळीबाजारात लाकडाच्या भुश्यातून काढलेली लादी हा बर्फ, गोळेवाल्याच्या रंध्याखाली किसला जातो तो बर्फ, आणि आकाशातून भुरभुरत येतो तोही बर्फच. 'हिम' आहे, पण तो शब्द पुस्तकात राहतो. बोलताना कोणी 'हिम पडला' म्हणत नाही. परिणामी बर्फ म्हटले, की आपल्या मनात कठीण, चकचकीत, धार असलेली वस्तू येते आणि आपण छपरांवर तीच बसवतो. पडलेला बर्फ तसा नसतो. तो भुसभुशीत असतो, कडांना गोल होऊन लोंबतो, आवाज पितो. त्याच्या उन्हाकडच्या कडा स्पष्ट आणि सावलीकडच्या विरघळलेल्या असतात. चित्रात हा फरक साधण्यासाठी कागद काही जागी कोरडा आणि काही जागी ओला असावा लागतो. माझ्या एप्रिलमधल्या चित्रात सगळ्या कडा कापून चिकटवल्यासारख्या का आल्या, याचे एक अगदी साधे कारण हेही होते, की पुण्याच्या उन्हाळ्यात वॉश कागदावर टेकतो न टेकतो तोच वाळतो. बर्फ रंगवायला आपल्याकडे पावसाळा उत्तम. उत्तरेकडच्या चित्रकारांची अडचण याच्या उलटी असते. बाहेर बसले, की त्यांच्या कागदावरचे पाणी गोठते, आणि काहीजण त्यावर उपाय म्हणून पाण्यात थोडी दारू घालतात. असो.

आता रंगीत घरांकडे वळू, कारण माझा मोठा अपराध तिथे आहे.

फालूनला तांब्याची खाण होती. मध्ययुगापासून ती चालू होती आणि १७व्या शतकात युरोपला लागणाऱ्या तांब्याचा फार मोठा वाटा तिथून जाई. १६८७ साली तिचा मोठा भाग आत कोसळला आणि तिथे एक प्रचंड खड्डा तयार झाला, तो आजही आहे. खाणकाम १९९२ मध्ये बंद झाले. २००१ मध्ये खाण आणि तिचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या खाणीतून तांबे काढून उरलेल्या मातीत लोहाचे प्रमाण भरपूर होते. ती भाजली, की लाल होते. ती माती, पाणी, राय नावाच्या धान्याचे पीठ, जवसाचे तेल आणि हिराकस एकत्र शिजवून जो रंग होतो तो 'फालूनचा लाल'. त्याचा वापर १६व्या शतकापासून आहे. आरंभी तो थोरामोठ्यांच्या लाकडी वाड्यांना लावला जाई, कारण त्यामुळे लाकूड लांबून विटेसारखे दिसे. वीट ही ऐपतीची खूण होती. पुढे १९व्या शतकात तो सामान्यांच्या घरांवर आला आणि स्वीडनचे खेडे म्हटले, की डोळ्यांपुढे लाल घर यावे इतका रुळला. कार्ल लार्सन या चित्रकाराचे सुंडबोर्न येथील घर फालूनपासून जवळच आहे. १८९९ मध्ये त्याने या घराची जलरंगचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि ते जगभर पोचले. तेही या लालपासून सुटलेले नाही.

म्हणजे छायाचित्रात मला कंटाळवाणा वाटलेला तो एकसुरी लाल हा खाणीचा गाळ होता. ज्यांच्या हातून तो निघाला त्यांच्याच वस्तीच्या भिंतींवर तो लागला होता. आणि मी त्यातले एक घर निळे करून टाकले.

नॉर्वेत हीच गोष्ट किमतीच्या भाषेत सांगितली जाते. लाल सर्वांत स्वस्त, पिवळा त्याहून महाग, आणि पांढरा सर्वांत महाग. म्हणून रस्त्याकडची भिंत पांढरी आणि मागची लाल अशीही घरे होती. घरमालकाची ऐपत आणि हौस यांतले अंतर घराला वळसा घातला, की कळे. बर्फाच्या गावात पांढऱ्या रंगाला एवढी प्रतिष्ठा असावी याचे मला आधी नवल वाटले होते. ग्रीनलंडमध्ये रंगांची सरळ लिपीच होती. डेन्मार्कच्या वसाहतकाळात तिथे लाकडी इमारतींचे साहित्य जहाजाने नेऊन उभारले जाई, आणि रंगावरून इमारतीचे काम कळे. व्यापाराची इमारत लाल, दवाखाना पिवळा, मासळीचा कारखाना निळा, पोलीस काळा. नुकच्या जुन्या भागाची चित्रे आपण खेळण्यातल्या गावासारखी गोड म्हणून काढतो, पण तिथली पिवळी भिंत एके काळी बर्फातून कोणाला तरी उचलून आणणाऱ्या माणसाला दुरून दिसावी म्हणून पिवळी होती.

हे सगळे ठाऊक असल्यावर चित्र चांगले येते का? तसा दावा मी करणार नाही. इतिहास ठाऊक असलेली पुष्कळ माणसे वाईट चित्रे काढतात, जशी ती वाईट कादंबऱ्याही लिहितात. पण एक गोष्ट निश्चित घडते. आपण रंग निवडताना 'इथे काय छान दिसेल' हा प्रश्न थोडा मागे ठेवतो. आणि जलरंगात हा प्रश्न मागे ठेवणे अत्यावश्यक असते, कारण राखलेला कागद बर्फ होतो की नुसता कागदच राहतो हे शेजारच्या भिंतीवर ठरते. कागदाला स्वतःला काहीच म्हणता येत नाही. भिंतीची छटा एक पायरी फिकी पडली, तिची कड छपराच्या उतारापासून रेसभर सरकली, की वरचा पांढरा भाग बर्फ राहत नाही. ते रंगवायचे राहून गेलेले छप्पर होते. मी पोस्टर कलर लावला तो बर्फ कमी पांढरा वाटला म्हणून; खरे तर खालची भिंत पुरेशी लाल नव्हती.

येथे मला साहित्याच्या वर्गाकडे यावेसे वाटते. गेली अनेक वर्षे आपल्या समीक्षेत 'न बोललेले', 'मौन', 'रिकाम्या जागा' यांना फार भाव आला आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत तर हे शब्द सुपारीसारखे फिरतात. कवितेत दोन ओळींमध्ये तीन ओळींची पोकळी दिसली, की तिच्यात काहीतरी गहन आहे असे गृहीत धरले जाते. कथा मध्येच तुटली, की ते लेखकाचे संयमन. मीही असे शिकवले आहे. आज मला वाटते, की आम्ही विद्यार्थ्यांना पोकळीकडे पाहायला शिकवले आणि तिच्या कडेकडे पाहायला शिकवायचे राहून गेले. कोणतीही पोकळी आपोआप बोलत नाही. तिच्या भोवतीचे शब्द जर सैल असतील, तर ते नुसते रंगवायचे राहिलेले छप्पर आहे, आणि हे सांगण्याचे धैर्य समीक्षकात असायला हवे.

कडेचे काम म्हणजे काय, हे दाखवणारी कथा योगायोगाने फालूनचीच आहे. १७१९ मध्ये त्या खाणीत एका तरुणाचा मृतदेह सापडला. खनिज क्षारांच्या पाण्यात तो जसाच्या तसा टिकला होता. वाटावे कालच मेला. तो कोण हे कोणालाच कळेना. शेवटी एका वृद्ध स्त्रीने त्याला ओळखले. ४२ वर्षांपूर्वी, १६७७ मध्ये, बेपत्ता झालेला तो तिचा वाग्दत्त वर होता. या घटनेने जर्मन लेखकांना झपाटले. होफमानने १८१९ मध्ये तिच्यावर एक दीर्घ, गूढ कथा लिहिली. पण त्याआधी, १८११ मध्ये, योहान पेटर हेबेलने 'अनपेक्षित पुनर्भेट' अशा अर्थाचे नाव असलेली दोन-तीन पानांची एक गोष्ट लिहून टाकली होती, आणि माझ्या मते तीच अधिक थोर आहे.

हेबेलने काळ आपल्या दिवसांच्या जवळ आणला आहे. तरुण खाणीत जातो, परत येत नाही. ती लग्नासाठी त्याच्या काळ्या गळपट्टीला लाल काठ शिवत असते. तो येत नाही तेव्हा ती गळपट्टी ठेवून देते. आता यापुढे पन्नास वर्षांचे वाट पाहणे आहे. कोणताही भावुक लेखक इथे पांढऱ्याची बाटली उघडेल. हेबेल त्या स्त्रीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. तो सांगतो, की लिस्बन शहर भूकंपाने नष्ट झाले, सात वर्षांचे युद्ध होऊन गेले, पोलंडची वाटणी झाली, सम्राज्ञी मारिया तेरेसा वारली, अमेरिका स्वतंत्र झाली, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, नेपोलियनने प्रशिया जिंकला. आणि शेतकऱ्यांनी पेरले, कापले, गिरणीवाल्याने दळले, लोहाराने घण घातले. एवढेच. मग प्रेत सापडते, आणि त्याच्या अंगात हिराकस मुरलेले असते. वाट पाहणारी ती बाई त्या संपूर्ण परिच्छेदात कोठेही नाही, आणि तिच्यावाचून दुसरे काही त्यात दिसतही नाही. तिच्या भोवतीची प्रत्येक भिंत नाव घेऊन, नेमक्या रंगात उभी केलेली आहे. शेवटी दफनाच्या वेळी ती लाल काठाची गळपट्टी बाहेर निघते. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट मिळवून वाचावी. इंग्रजीत सहज मिळते.

हिराकस हा शब्द वर दोनदा आला आहे याकडे लक्ष वेधते. फालूनच्या घरांचा रंग टिकावा म्हणून त्यात जो पदार्थ घालतात, तोच हेबेलच्या गोष्टीत त्या तरुणाचे तारुण्य टिकवतो. मला हे समजले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि मी बराच वेळ दिवा लावला नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला प्रत्यक्षात एका जुन्या सहकाऱ्याने घेतलाही. "आपला पाऊस सोडून दुसऱ्यांचा बर्फ कशाला रंगवायचा?" नेमाड्यांनी मांडलेल्या देशीवादाचा हा अगदी सैल वापर आहे, पण आक्षेप टाकाऊ नाही. न पाहिलेल्या बर्फाची, न पाहिलेल्या घरांची चित्रे घाऊक काढणे यात एक प्रकारची उसनवारी आहेच. माझे पहिले चित्र त्याचा पुरावा आहे. मात्र दोष 'न पाहिलेले' यात आहे असे मला वाटत नाही. हिरोशिगेच्या तोकाइदो मालिकेतले कानबारा गावाचे रात्रीच्या बर्फाचे चित्र घ्या. १८३३-३४ च्या सुमाराचे हे ठसेचित्र बर्फाच्या जगप्रसिद्ध चित्रांपैकी आहे. छपरांवरचा, उतारावरचा सगळा बर्फ म्हणजे ठसा न उमटवलेला कोरा कागद. आभाळात काळ्याची छटा फिरवलेली. तीन माणसे वाकून चाललेली. आणि कानबारा हे जपानच्या उबदार किनाऱ्यावरचे गाव आहे, तिथे असा दाट बर्फ क्वचितच पडतो. हिरोशिगेने तिथे नसलेला बर्फ पाडला, पण त्या माणसांच्या पाठी किती वाकतात हे त्याला ठाऊक होते.

शिवाय दुसरेपणाचे काय? फालूनची भिंत रंगवायला मी पॅलेटवर जो रंग घेते, त्याला डबीवर काहीही नाव असो, तो मुळात लोहाची भाजलेली माती आहे. 'इंडियन रेड' असेही त्यातल्या एका रंगाचे नाव आहे. आपण कुंड्यांना लावतो, तुळशीवृंदावनाला लावतो, रांगोळीखाली सारवतो तो गेरू हाच. सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे तू तुळशीवृंदावनावर बर्फ पाडतेस." मला त्यात काही वावगे दिसले नाही. पुढच्या चित्रासाठी तर ते उपयोगाचेच ठरले, कारण गेरूचा ओला आणि वाळलेला रंग किती वेगळा दिसतो हे मला लहानपणापासून ठाऊक होते, आणि फालूनचा लालही तसाच, चकाकी नसलेला, उजेड पिऊन टाकणारा आहे.

ते दुसरे चित्र मी ऑगस्टात, पावसाची झड लागलेली असताना केले. या वेळी भाचीकडून डिसेंबरातल्या तिन्हीसांजेचे छायाचित्र मागवले. तिचा रस्ता, दुपारी सव्वातीन. पाहते तर लाल घरे लाल नव्हतीच. जवळजवळ काळी होती. आधी वाटले कॅमेऱ्याचा दोष. पण तो डोळ्याचाच धर्म आहे. उजेड मंदावू लागला, की डोळ्याला लाल आधी काळवंडलेला दिसतो आणि निळे अधिक वेळ टिकते. पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या आरंभी हे नोंदवले. म्हणजे फालूनचा लाल हिवाळ्यातला बराच वेळ लाल दिसतच नाही. तो लाल आहे हे तिथे राहणाऱ्याला ठाऊक असते, एवढेच. पोस्टकार्डांवरची संध्याकाळच्या बर्फातली ती लालभडक घरे कोणीही तशी पाहिलेली नसतात.

तीनशे ग्रॅमचा सुती कागद घेतला. आभाळ आधी, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा राखाडी वॉश, छपरांच्या कडेला हात आवरून थांबवलेला, कारण आभाळ छपरापेक्षा गडद नसेल तर छपरावर काही साचलेले आहे हे पटतच नाही. मग भिंती, आधी ओल्या लालमध्ये खालून निळा सोडून, नंतर वाळल्यावर आणखी एक थर, आणि तरीही धीर होईना म्हणून तिसरा. इतका गडद रंग मी आयुष्यात कधी लावला नव्हता. या घरांच्या खिडक्यांना आणि कोपऱ्यांना पांढऱ्या पट्ट्या असतात. त्या राखताना लक्षात आले, की सावलीतली पांढरी पट्टी ही उघड्यावरच्या बर्फापेक्षा कितीतरी मळकी, निळसर दिसते. दोन्ही ठिकाणी तोच कोरा कागद ठेवून चालत नाही. मास्किंग फ्लुइड वापरले नाही. काही पट्ट्या बुडाल्या, त्या बुडू दिल्या. रस्त्यावर खडी आहे. एकाच खिडकीत उजेड आहे, तोही फार पिवळा नाही. हिमवर्षाव नाही.

वर्गात कोणाला हे चित्र फारसे आवडले नाही. सर म्हणाले, भिंती जड झाल्यात, आणि बहुधा ते बरोबर आहे. बहिणीने ते जुन्या चौकटीत बसवून घेतले. जुने काढलेले चित्र तिने कपाटात ठेवले आहे. ते फेकायला ती तयार नाही, "हेही तू केलंयस ना" म्हणते. नवे पाहून म्हणाली, "केवढा अंधार असतो गं तिथे." मग त्याच संध्याकाळी तिने लेकीला फोन लावला आणि बराच वेळ दोघी काय बोलत होत्या ते मला स्वयंपाकघरातून ऐकू येत नव्हते.